नाशकात नवीन आलात आणि मूल आठवी-नववीत आहे? शाळेचं वर्ष कसं चालतं ते आधी समजून घ्या

जून उजाडला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर दाखले हातात घेऊन पालक उभे असतात, कोणी धुळ्याहून अंबडच्या कंपनीत आलेलं, कोणी जळगावचं, कोणी पार यूपी-बिहारहून सातपूरला कामाला आलेलं, आणि ॲडमिशनचा फॉर्म भरून झाला की जवळजवळ सगळे एकच विचारतात, मॅडम क्लास कुठला लावू. मी नववी-दहावीला गणित शिकवते, बरीच वर्षं वर्गशिक्षिका आहे, आणि शाळा वर्षभर काय शिकवणार, कधी शिकवणार, मूल कुठे अडलं तर शाळेत त्याच्याकडे कोण बघणार हे विचारणारा पालक मला वर्षाला एखादाच भेटतो. त्या एखाद्याच्या मुलाला मदत वेळेवर मिळते कारण त्यांनी जुलैत विचारलेलं असतं. बाकीचे जानेवारीत येतात, तेव्हा प्रिलिम तोंडावर असते आणि आमच्याही हातात फार काही उरलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय. हे राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी शाळांबद्दल आहे, सीबीएसईचा सगळा कारभार वेगळा असतो, तो इथे नाही.

पायरी १ – ॲडमिशन घेतानाच तीन गोष्टी पक्क्या करा

पहिली म्हणजे शाळा कितवीपर्यंत आहे. महानगरपालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीपर्यंतच आहेत, मग नववीला परत नवीन शाळा शोधायची, परत दाखला, परत नवीन वर्ग नवीन शिक्षक, आणि नेमकं अभ्यास जड होतो त्याच वर्षी. आठवीला ॲडमिशन घेताय तर शक्यतो थेट दहावीपर्यंतच्या शाळेत घ्या.

दुसरी म्हणजे कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, आणि जुन्या शाळेतून मुलाचा सरल आणि यूडायस ह्या सरकारी विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरचा आयडी लिहूनच आणा, कारण जुन्या शाळेने ऑनलाइन नाव सोडल्याशिवाय नवीन शाळेला ते घेता येत नाही आणि मूल वर्गात बसलेलं असतं पण पोर्टलवर गावाकडेच दिसत राहतं. परराज्यातून आला असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, ती गावी असतानाच घ्या, नंतर त्यासाठी दोन दिवसाचा प्रवास करावा लागलेले लोक मी बघितलेत.

तिसरी म्हणजे सेमी की पूर्ण मराठी. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. ह्यावर पालक एका मिनिटात निर्णय घेतात आणि मूल वर्षभर निस्तरतं. आठवीपर्यंत मराठीतून गणित शिकलेलं मूल नववीला सेमीत टाकलं तर त्याला गणित येत नाही असं नसतं, त्याला शब्द कळत नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगा होता, धुळ्याकडून आलेला, तोंडी गणित इतकं पटपट करायचा की मीच थांबून बघायचे, पण सेमीच्या वर्गात ऑगस्टपर्यंत एक शब्द बोलला नाही. पहिल्या घटक चाचणीचा पेपर बघितला तेव्हा कळलं की त्याने उदाहरणं सोडवलीच नव्हती, प्रश्नच वाचता आला नव्हता. मग आम्ही एक साधी वही केली, डाव्या बाजूला रेषीय समीकरण, उजव्या बाजूला लिनिअर इक्वेशन, डावीकडे अवयव पाडा, उजवीकडे फॅक्टराइज, असं धड्यागणिक, आणि त्याच्या आईने, ती स्वतः सातवी शिकलेली, रोज रात्री डावीकडचा शब्द वाचायचा आणि त्याने उजवीकडचा सांगायचा असं चालू केलं. दिवाळीनंतर तो फळ्यावर आला. तुमचं मूल असं मध्येच सेमीत जाणार असेल तर ही वही मे महिन्यातच सुरू करा, आणि मूल नकोच म्हणत असेल तर मराठीतूनच राहू द्या, दहावीचा निकाल माध्यमाने कमी होत नाही.

आणि एक, दहावीत शाळा बदलू नका. बोर्डाचे फॉर्म, नोंदणी, परवानग्या, सगळंच किचकट होतं. बदली होणारच आहे असं दिसत असेल तर नववीच्या सुरुवातीलाच हलवा, किंवा एक वर्ष आजी-आजोबांकडे ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येणाऱ्यांना एक सोपं जातं की आपलं नाशिक विभागीय मंडळ ह्या चारही जिल्ह्यांचं एकच आहे.

पायरी २ – पुस्तकं घ्यायला जाताना विषयांची यादी बरोबर न्या

आठवीपर्यंत अनुदानित शाळेत पुस्तकं शाळेतूनच फुकट मिळतात, नववीपासून विकत घ्यायची. इथे एक चूक दरवर्षी होते. मराठीची दोन पुस्तकं आहेत, मराठी माध्यमासाठी कुमारभारती आणि इंग्रजी माध्यमासाठी अक्षरभारती. हिंदीचंही तसंच, संपूर्ण हिंदी घेतलं तर लोकभारती आणि हिंदी-संस्कृत संयुक्त घेतलं तर लोकवाणी. दुकानात गर्दी असते, दुकानदार नववीचा सेट म्हणून बांधून देतो, आणि मूल चुकीचं पुस्तक घेऊन वर्गात बसतं, लाजून सांगत नाही. एका मुलीने ऑगस्टपर्यंत शेजारणीच्या पुस्तकात बघून काढलं होतं, घरी पैसे खर्च झालेत म्हणून बोलली नाही. म्हणून यादी शाळेतून घ्या, त्यावर माध्यम आणि भाषेचा पर्याय लिहून घ्या, मगच जा.

पैशाची ओढाताण असेल तर बालभारतीच्या वेबसाइटवर सगळ्या पुस्तकांची पीडीएफ फुकट आहे, आणि जुनी पुस्तकं चालतात, फक्त आवृत्ती बघा. सध्याचा नववीचा अभ्यासक्रम २०१७ चा आणि दहावीचा २०१८ चा आहे, त्याच्या आधीचं कोणी दिलं तर घेऊ नका. नवीन शैक्षणिक धोरणाचे बदल पहिलीपासून २०२५ मध्ये सुरू झालेत आणि टप्प्याटप्प्याने वर येतायत, त्यामुळे भावंडांची पुस्तकं जपून ठेवायची असतील तरी पुढच्या वर्षी शाळेत एकदा विचारूनच वापरा.

भाषेचा पर्याय निवडताना संस्कृत स्कोअरिंग आहे म्हणून सरसकट घेतलं जातं. घ्या, पण मूल आठवीला संस्कृत शिकलेलंच नसेल, गावाकडच्या शाळेत शिक्षकच नसतील, तर नववीला थेट संपूर्ण संस्कृत जड जातं. संयुक्त हा मधला रस्ता आहे, अर्धं हिंदी अर्धं संस्कृत.

पायरी ३ – वर्षाचं नियोजन मागा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि सगळ्यात कमी लोक करतात. प्रत्येक शिक्षकाकडे जूनमध्ये वार्षिक नियोजन तयार असतं, कुठल्या महिन्यात कुठला धडा, कुठे चाचणी, कुठे उजळणी. त्याखाली घटक नियोजन आणि त्याखाली रोजचं टाचण, म्हणजे आज तासाला काय शिकवणार ह्याची नोंद, जी पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक तपासतात. टाचण तुम्हाला बघायची गरज नाही, पण वार्षिक नियोजनाची एक झेरॉक्स किंवा फोटो वर्गशिक्षकांकडे मागा. कोणी नाही म्हणणार नाही. तो कागद फ्रिजवर किंवा देवघराच्या बाजूला भिंतीवर चिकटवा. मूल चार दिवस आजारी पडलं, गावाला लग्नाला गेलं, तर नेमकं काय बुडलं हे तुम्हाला त्यावरून कळतं, नाहीतर मूल सांगतं काही विशेष नाही झालं आणि तिकडे त्रिकोणाचा अख्खा भाग होऊन गेलेला असतो.

वेळापत्रकाचंही तसंच. बऱ्याच शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रात चालतात, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, गणित विज्ञान इंग्रजीला जवळपास रोज एक तास, चित्रकला आणि पीटीला आठवड्याला एक-दोन. सकाळची शाळा सातच्या सुमाराला भरते आणि नाशकातली डिसेंबर-जानेवारीची थंडी बाहेरून आलेल्या मुलांना झेपत नाही, पहिला तास हात चोळण्यात जातो आणि तो पहिला तास बहुतेक वेळा गणिताचा असतो. घरापासून लांबची शाळा निवडताना हे धरूनच विचार करा, सिडकोतून गंगापूर रोडला नाव ऐकून शाळा घेतली तर मूल रोज दीड तास रस्त्यावर असतं. सिटीलिंक म्हणजे शहर बसचा विद्यार्थी पास निघतो, पण वेळ काही परत मिळत नाही.

पायरी ४ – धडे एकमेकांत कसे अडकलेत ते बघा

अभ्यासक्रम हा सुट्या धड्यांचा ढीग नाहीये. तो जिन्यासारखा रचलेला आहे, खालची पायरी निखळली की वरची हलते. माझ्याच विषयाचं सांगते. आठवीला बैजिक राशींचे अवयव असतात, मुलांना वाटतं काय हे उगाच. तेच अवयव पाडता आले नाहीत तर दहावीचं वर्गसमीकरण अडतं. नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत, आणि दहावीच्या गणित भाग एकचा पहिलाच धडा त्याच नावाचा आहे, फक्त त्यात आलेख आणि निश्चयक येतात. भूमितीत आठवीला त्रिकोणांची एकरूपता, नववीला त्रिकोण, दहावीच्या भाग दोनचा पहिला धडा समरूपता. नववीला त्रिकोणमितीची ओळख, दहावीला तीच पुढे उंची आणि अंतरापर्यंत. विज्ञानात नववीला द्रव्याचे मोजमाप मध्ये संयुजा आणि रेणुसूत्र येतं, ते कच्चं राहिलं की दहावीला रासायनिक समीकरण संतुलित करता येत नाही आणि मूल पाठांतरावर जातं.

म्हणून दहावीत गणितात अडणारं मूल माझ्याकडे आलं की मी त्याला दहावीचं पुस्तक बंद करायला सांगते आणि आठवीचं पुस्तक आणायला सांगते. पालकांना हे पटत नाही, वेळ वाया जातोय असं वाटतं. पण दोन आठवडे अवयव आणि अपूर्णांक नीट केले की पुढचे दोन महिने सोपे जातात, हे मी इतक्या मुलांमध्ये बघितलंय की आता मी वाद घालत नाही, सरळ उदाहरणं देते. तुम्ही नवीन आलात, मुलाची आधीची शाळा कशी होती आम्हाला माहीत नाही, त्यामुळे जूनमध्येच घरी एक काम करा. आधीच्या वर्षाच्या पुस्तकातला प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचा सरावसंच घ्या, प्रत्येकातली दोन-दोन उदाहरणं सोडवायला द्या, कुठलीही मदत न करता. जिथे हात थांबतो तिथे पेन्सिलने खूण करा. ती यादी घेऊन विषय शिक्षकांना भेटा. शाळेतही नैदानिक चाचणी, म्हणजे मूल कुठे कच्चं आहे ते बघणारी चाचणी, घेतात, पण साठ मुलांच्या वर्गात तुमची ती यादी आम्हाला सोन्यासारखी असते.

पुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्तीचं पान असतं, ह्या वर्षअखेर मुलाला काय यायला हवं ते मराठीत सरळ लिहिलेलं. ते पान कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. आणि प्रकरणांच्या बाजूचे क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, रेंज असेल तर बुडलेला धडा त्यावर बघता येतो.

पायरी ५ – मार्क कुठून येतात

आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन असतं. आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०, म्हणजे वर्गातलं काम, तोंडी, प्रकल्प, वही ह्याला चाळीस टक्के वजन आहे. आणि आठवीत आता सगळे पास ही जुनी समजूत सोडा, २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात.

नववीपासून प्रत्येक विषय शंभरचा, ८० लेखी आणि २० अंतर्गत. नववीचा निकाल दोन्ही सत्रांच्या सरासरीवर लागतो, त्यामुळे दिवाळीपूर्वीची पहिली सत्र परीक्षा ही नुसती सराव परीक्षा नसते. पहिल्या सत्रात घसरलेलं मूल दुसऱ्या सत्रात दुप्पट दमतं.

दहावीला गणिताचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे, बीजगणित आणि भूमिती, विज्ञानाचे तसेच दोन, समाजशास्त्राचे इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल असे दोन. एकूण ६०० गुण, पण टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाच विषयांचे ५०० धरून. ह्याचा अर्थ एक विषय सोडून द्यायचा असा अजिबात नाही, सहाव्यातही पास व्हावंच लागतं, आणि पुढे सायन्सला किंवा डिप्लोमाला जायचं तर गणित-विज्ञानाकडे वेगळं बघितलं जातं.

त्या वीस अंतर्गत गुणांबद्दल थोडं जास्त सांगते. गणितात दहा गुण गृहपाठाचे आणि दहा बहुपर्यायी चाचणीचे. भाषेत श्रवण-भाषण-तोंडी. विज्ञानात प्रात्यक्षिक. हे मार्क शाळा आपोआप देते असा समज आहे. शाळा देते ते वहीत जे आहे त्याचे. प्रयोगवही अपुरी, गृहपाठ शेवटच्या आठवड्यात एकाच पेनने उतरवलेला, हे आम्हाला दिसतं, आणि मनात असूनही आम्ही काही करू शकत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, सगळ्या वह्या फक्त उघडून बघा. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. तारखा बघा, तारखेत खंड पडला म्हणजे तिथे काहीतरी झालंय.

भाषांचा पेपर आता प्रश्नपत्रिका नसून कृतिपत्रिका असते हे पण लक्षात ठेवा. आकृत्या पूर्ण करा, उताऱ्यावरून स्वमत लिहा, बातमी लिहा, पत्र लिहा. धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करून इथे भागत नाही, गाईडवरचा खर्च भाषेत तर खरंच वाया जातो. रोजचा पेपर मोठ्याने वाचणं आणि त्यातल्या एका बातमीवर पाच ओळी लिहिणं हे जास्त उपयोगी. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचं, मुलाला एकदा तिथे घेऊन जा.

जलसुरक्षा, संरक्षणशास्त्र, आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्व-विकास व कलारसास्वाद हे श्रेणीचे विषय, टक्केवारीत नसतात पण वह्या पूर्ण लागतात. चित्रकलेची आवड असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा द्यायला लावा, इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण वाढतात. खेळाडू मुलांनाही वाढीव गुण आहेत, प्रमाणपत्रं फाइलला लावत चला.

पायरी ६ – घटक चाचणीचा पेपर घरी आला की

बहुतेक घरांत मार्क बघतात, ओरडतात किंवा शाबासकी देतात आणि पेपर कपाटात जातो. असं करू नका. मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक गेलेल्या मार्कापुढे तीनपैकी एक खूण करायला सांगा, समजलंच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, किंवा वेळ पुरला नाही. हे मुलालाच ठरवू द्या, मुलं ह्याबाबतीत फार प्रामाणिक असतात, ओरडा पडणार नाही एवढी खात्री मात्र हवी. तीनही आजार वेगळे आहेत. समजलं नसेल तर शिक्षक हवेत. घाई असेल तर पेपर तपासायची सवय हवी. वेळ पुरत नसेल तर घड्याळ लावून लिहायचा सराव हवा, त्याला क्लास लावून काही होत नाही.

मग पालकसभेला या, आणि कसा आहे हो अभ्यासात असं विचारू नका, त्याला आमच्याकडे ठीक आहे हेच उत्तर असतं कारण मागे चाळीस पालक उभे असतात. असं विचारा, मॅडम भूमितीत प्रमेय लिहिताना अडतंय, कुठून सुरू करू. सर, वर्गात हा शेवटच्या बाकावर बसतो का, फळा दिसतो का त्याला. खरं सांगते, माझ्या वर्गात दोन मुलं नुसत्या चष्म्याने सुधारलीत.

पायरी ७ – शाळेत मिळणारी मदत, आणि ती कधी मागायची

मागे पडलेल्या मुलांसाठी उपचारात्मक अध्यापन असतं, जादा तास असतात, काही शाळांत शाळेच्या आधी शून्य तास घेतात, दहावीला संध्याकाळची अभ्यासिका चालते. ह्याला बसवायची मुलं आम्ही पहिल्या चाचणीनंतर निवडतो. मुलाला त्यात घेतलं म्हणजे तो ढ ठरला असं घरी वाटून घेऊ नका, दरवर्षी दोन-तीन पालक कमीपणा वाटून मुलाला काढून घेतात आणि मला फार वाईट वाटतं. लहान गट असतो, प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, तिथे जे शिकवलं जातं ते साठच्या वर्गात शक्य नसतं.

क्लासबद्दल माझं मत विचाराल तर जून-जुलै शाळेला द्या. शाळेचा तास, घरी त्याच दिवशी तासभर उजळणी, अडलं तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांना गाठणं, एवढं दोन महिने करून बघा. त्यानंतरही एखाद्या विषयात गाडी हलत नसेल तर त्या एका विषयाचा लावा. सगळ्या विषयांचा क्लास लावलेलं मूल सकाळी सहा ते रात्री नऊ नुसतं ऐकत असतं, स्वतः हाताने कधी सोडवणार.

काही मुलं हुशार असतात, बोलतात छान, पण लिहिताना अक्षरं उलटी पडतात, वाचायला फार वेळ लागतो, आकडे अदलाबदल होतात. आळशी म्हणून सोडून देऊ नका. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक आणि इतर सवलती मिळतात. पण सरकारी हॉस्पिटलमधली तपासणी, नंबर लागणं, प्रमाणपत्र, मग शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव, ह्याला महिने जातात. शंका असेल तर आठवीतच बोला, दहावीच्या डिसेंबरमध्ये येऊ नका.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्यांना. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मानसिक क्षमता आणि शालेय विषय असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला सेतूमधून आधीच काढून ठेवा, फॉर्मच्या वेळी गर्दीत अडकाल. कंपनीत रोजंदारीवर असलेल्या कितीतरी पालकांना ही परीक्षा आहे हेच माहीत नसतं, म्हणून शेजारच्यांनाही सांगा.

शाळेतलं काही खटकलं तर आधी वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक ह्या क्रमाने जा, आणि शिक्षक-पालक संघाच्या सभेत बोला. तिथेही नाही सुटलं तर जिल्हा परिषदेचं माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालय आहे, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

पायरी ८ – नववीचा मे आणि दहावीचा हिवाळा

नववी संपली की लगेच दहावीचं पुस्तक उघडायची घाई असते. पहिले पंधरा दिवस नववीच्या त्या पेन्सिलच्या खुणा पुसा, मग दहावी. दहावीला शाळा साधारण डिसेंबरअखेर अभ्यासक्रम संपवते, जानेवारीत प्रिलिम, मग तोंडी आणि प्रात्यक्षिक, आणि फेब्रुवारीच्या शेवटाकडे लेखी सुरू होते. हजेरी ७५ टक्के लागते, त्यामुळे घरी बसून अभ्यास करतो म्हणून दिवाळीनंतर शाळा बंद करायची पद्धत धोक्याची आहे. प्रिलिमचे पेपर हातात घेऊन विषय शिक्षकांना भेटाच, त्या दिवसांत आम्ही मुलांसाठी शाळेत उशिरापर्यंत बसतो. आणि समजा एक-दोन विषय राहिलेच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेशही मिळतो, वर्ष जात नाही, हे मुलाला परीक्षेच्या आधीच शांतपणे सांगून ठेवा.

आता राहिलं नावाचं. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईचं नाव आहे तेच दहावीच्या सर्टिफिकेटवर येतं आणि ते आयुष्यभर पासपोर्टपासून नोकरीपर्यंत चालतं. मूल शाळेत आहे तोवर पुरावे देऊन दुरुस्ती करता येते, एकदा शाळा सुटली की फार अवघड. परराज्यातून आलेल्यांच्या दाखल्यावर तर वडिलांचं नाव आणि आडनाव ह्यांची अदलाबदल नेहमी दिसते. नववीतच आधार, जन्मदाखला आणि शाळेतली नोंद शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवा. दहावीचे फॉर्म भरले की बोर्डाकडून प्रिलिस्ट, म्हणजे फॉर्ममधली मुलाची माहिती तपासायची यादी, येते, त्यावर तुमची सही लागते. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाका आणि स्वतः शाळेत येऊन वाचून सही करा, मुलाच्या हातून कागद मागवून घेऊ नका.